जाळीच्या दारापलीकडं पाच वाट्या

नातीच्या पुण्यातल्या पाळणाघरात एका मुलाच्या तळहातांवर फोड आले आणि पाळणाघर आठवडाभरासाठी बंद झालं. लेकीला रजा मिळेना, जावयाला तर नाहीच. म्हणून रविवारी तिनं अडीच वर्षांच्या मुलीला गाडीत घातलं, कोल्हापूरला माझ्याकडं आणून सोडलं आणि संध्याकाळी ती परत गेली. "तिकडं साथ आहे आई, इथं सेफ राहील," असं ती म्हणाली आणि मलाही ते पटलं. साथ पुण्यात, मूल कोल्हापुरात, प्रश्न मिटला. साथ त्याच गाडीतून मुलाबरोबर येऊ शकते, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी सत्तावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात काढली आहेत. दाखल्यावर जन्मतारीख चुकली तर माझ्या नजरेतून सुटत नाही. हे सुटलं.

सोमवारी संध्याकाळी नातीला ताप आला. मंगळवारी सकाळी तोंड धुवायला घेतलं तेव्हा तळहातांवर लालसर ठिपके दिसले, काहींत पाणी धरलेलं. तळपायांवर तसेच. कुल्ल्यांवर थोडे. तोंड उघडून बघू म्हटलं तर तिनं उघडलं नाही, माझ्या बोटाला चावली.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडं खाटेवर बसून बघत होत्या. वय ऐंशीच्या पुढं, माहेर पेठ वडगावचं, नजर अजून शाबूत.

"घरात बाई आलीया," त्या म्हणाल्या. बाई म्हणजे देवी; अंगावर फोड आले की त्यांच्या मते तीच घरात आलेली असते.

पाच मिनिटांत घराचा कायदा बदलला. चपला जाळीच्या दाराबाहेर गेल्या. फोडणी बंद. कोपऱ्यावरच्या कडुलिंबाचा डहाळा दाराला लागला. मी शाळेत फोन करून चार दिवसांची रजा टाकली आणि मुलीला घेऊन दवाखान्यात जायला निघाले, तर आत्या उंबऱ्यात उभ्या.

"दवाखान्यात कशाला? बाईला सुई चालत न्हाई."

"सुई टोचणार नाहीत. नुसतं बघतील."

"मग मी बघितलंय की."

त्यांना बाजूला करून मी गेले. डॉक्टरीणबाई तिशीतल्या असतील. मला त्या सरळ आजी म्हणाल्या. टॉर्च लावून त्यांनी दोन सेकंदांत मुलीचा घसा बघितला. मला सकाळपासून जमलं नव्हतं. म्हणाल्या, "हँड फूट माउथ आहे. सध्या रोज चार-पाच येतायत."

"कांजिण्या नाहीत?"

"नाही. पोटावर, पाठीवर काही नाही बघा."

"मग औषध?"

"याला औषध नसतं आजी. व्हायरस आहे, आठवड्यात जातो. तापाचं सिरप देते, दुखणंही कमी होईल. बाकी एकच काम तुमचं. तोंडात फोड आहेत, ही खाणार-पिणार नाही. खाल्लं नाही तरी चालेल, पण पाणी पोटात गेलं पाहिजे. गार द्या सगळं. गार दूध, ताक, आईस्क्रीमसुद्धा चालेल. आंबट, खारट, गरम नको. आणि सूवर लक्ष ठेवा. आठ तास सू झाली नाही तर सरळ घेऊन या, सलाइन लावायला लागेल." मग जाता जाता म्हणाल्या, "आणि इतर मुलांत सोडू नका."

आषाढ चालू होता, चार दिवस ऊन नव्हतं, पोरीला एकशे दोन ताप, आणि ही बाई आईस्क्रीम द्या म्हणत होती. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, हिला अजून पोर झालेलं दिसत नाही.

घरी आल्यावर आत्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"कांजिण्या नाहीत म्हणाली. पोटावर फोड नाहीत."

"पोटावर न्हाईत म्हंजे अजून यायच्यात."

आता एकाच रिकाम्या पोटाकडं बघून एक बाई म्हणते हे नाही, दुसरी म्हणते हे अजून यायचंय. मीही तिचं झबलं वर करून बघितलं. पोट स्वच्छ होतं. त्यावरून मला काहीच कळलं नाही.

"आनि गार घाल तिला," आत्या पुढं म्हणाल्या. "बाईला गार लागतं. कढत काय बी तोंडात जायचं न्हाई."

इथं माझं चुकलं ते सांगते. दोघी एकच सांगत होत्या. शहाण्या माणसानं ते ऐकलं असतं. पण आत्यांनी सांगितलं म्हणून मला ती अंधश्रद्धा वाटली, आणि आत्यांच्या अंधश्रद्धेशी जुळतंय म्हणून डॉक्टरांचंही खरं वाटेना. मधोमध मी, ताप म्हणजे गरम द्यायचं असं लहानपणापासून पाठ झालेली. मी मऊ भात कढत कढत कालवला. नातीनं पहिला घास तोंडात घेतला, डोळे मोठे केले आणि माझ्या अंगावर थुंकला. नंतर चमचा दिसला की ती तोंडावर दोन्ही हात ठेवायची. ते फोड आलेले हात.

बुधवारी तिनं सकाळपासून तीन-चार घोट पाणी घेतलं असेल. लाळ सारखी गळत होती, कारण गिळवत नव्हतं. मेडिकलमधून शक्तीच्या पाण्याचं, ओआरएसचं, संत्र्याच्या चवीचं पाकीट आणलं. ते जिभेला लागताच ती अशी ओरडली की समोरच्या घरातल्या वैनी गॅलरीत आल्या.

"काय झालंय वो?"

"तोंड आलंय तिचं."

"बाई आल्यात म्हनत हुत्या की आत्या."

"डॉक्टर वेगळं म्हणतात."

"काय म्हनत्यात?"

मी सांगितलं. वैनींनी ते तीन इंग्रजी शब्द एकदा तोंडात घोळवून बघितले आणि म्हणाल्या, "हात, पाय, तोंड. मग ऱ्हायलं काय?"

मी पोरीची लाळ पुसली आणि आत गेले.

दुपारी आमचे हे हातकणंगल्याच्या शेताकडून आले ते अर्धा किलो मटण घेऊन. त्यांना वाटलं पोरीला अळणी द्यावं. मटण ओट्यावर ठेवून ते परत शेताकडं मुक्कामाला गेले. आमच्याकडं लहान मूल आजारातून उठत नसलं की मटणाचं बिनतिखटाचं पाणी काढून पाजतात. नुसतं मीठ, हळद, आलं-लसूण. अळणी पिऊन पोरगं उभं राहतं, यावर कोल्हापुरात कुणाचं दुमत नाही. माझंही नव्हतं. मी कुकर लावला.

शिट्टीबरोबर वास बाहेर गेला आणि आत्या आत आल्या.

"घरात बाई बसलीया आनि तू मटान शिजवतीस?"

"पोरीला ताकद नको?"

"ताकद? बाई कोपली म्हंजे ताकद काय करशील?"

"आत्या, व्हायरस आहे तो. त्याला मटणाचं काही नाही."

"मग दे. मी काय बोलतो? मी जेवत न्हाई." आणि त्या खरोखर जाळीच्या दारापाशी जाऊन बसल्या आणि रात्रीही जेवल्या नाहीत.

मी अळणी वाटीत काढलं, फुंकर मारली, नातीला मांडीवर धरलं आणि चमचा तोंडात सारला. ती ओरडली नाही. तिचा आवाजच फुटेना, तोंड नुसतं उघडं राहिलं आणि थोड्या वेळानं रडणं बाहेर आलं. फोडांवर मीठ. गरम मीठ. डॉक्टरांनी तीन गोष्टी नको म्हटल्या होत्या, त्यांतल्या दोन मी एका चमच्यात घातल्या होत्या. त्यानंतर ती पाण्याचा पेलाही जवळ येऊ देईना. माझ्या हातातलं काहीही नको. मी खोलीत आले की ती आत्यांच्या पदरात तोंड लपवायची.

गुरुवारी पहाटे सहाला तिनं सू केली, थोडीशी, गडद पिवळी. मी डायपर काढून कापडाचा लंगोट बांधला, म्हणजे झालेलं कळेल. डायपरमध्ये झालं की नाही यावर सकाळी सकाळी माझा आणि लेकीचा फोनवर वाद झाला होता. लेक म्हणाली, डायपर वजनावर ठेव. मी म्हटलं, रव्याच्या काट्यावर डायपर ठेवणार नाही. ती रडायला लागली, मी निघते म्हणाली. "निघ हवं तर. पण तू रडून तिला सू होणार नाही," असं मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मलाच कसंतरी झालं, पण परत लावला नाही. तिचा मेसेज आला की पावसानं घाटात गाड्या अडकल्यात, संध्याकाळपर्यंत पोचेल की नाही माहीत नाही.

डॉक्टरांना फोन केला. "सहाला झाली ना? मग दोनपर्यंत वाट बघा. पाजत राहा. दोनला नाही तर आणा."

नऊ वाजले, दहा वाजले, लंगोट कोरडा. मी गार पाणी दिलं, गार दूध दिलं, आता आईस्क्रीमही आणलं. आता सगळं गार देत होते, पण देणारा हात माझा होता आणि तिचा त्या हातावरचा विश्वास उडाला होता. अकराला तिनं वाटी उडवून लावली. ओठ सुकून पापडी धरली होती. आत्यांनी पाजून बघितलं, तर तिथंही मान फिरवली. मी पिशवी भरायला घेतली. दोन फ्रॉक, टॉवेल, फाइल, आधार कार्ड. ताप नव्हता, तरी मुलगी कापडासारखी पडून होती. हे व्हायरसमुळं, की तहानेमुळं, की माझ्या अळणीमुळं, मला कळत नव्हतं.

बाराच्या सुमाराला बाहेर चिवचिव ऐकू आली. जाळीच्या दारापाशी जाऊन बघते तर पाच पोरी. तीन ते सहा वर्षांच्या, केस विंचरलेल्या, तोंडाला पावडर, पुढं वैनींची धाकटी.

"आज्जीनं बलीवलंय," ती म्हणाली.

मी मागं वळून आत्यांकडं बघितलं. आत्या फ्रिजमधून पातेलं काढत होत्या. गार भात, दुधात पातळ कालवलेला, वर चमचाभर दही, मीठ नाही, फोडणी नाही. देवीचा निवद फ्रिजमधला चालतो हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

"हे काय आहे आत्या?"

"बाईला वाटंला लावायची. पाच कुवारी जेवल्या की बाई जाती."

"पाचव्या दिवशी लावतात ना? आणि तेही फोड सुकल्यावर."

"मला ठावं हाय कवा लावत्यात. पर दोनला तू तिला न्हेऊन सुई टोचनार हाईस. त्या आदी जाऊ दे."

पाचव्या दिवशी, सगळं सुकल्यावर पोरी बोलवायच्या, हा जुना नेम तसा वाईट नव्हता. तोवर निम्मा संसर्ग ओसरलेला असायचा. आत्यांनी घाईनं तो अलीकडं आणला आणि तो घातक झाला. ती घाई मी दवाखान्यासाठी भरलेल्या पिशवीमुळं होती. म्हणजे दोष कुणाचा?

"पोरींनो, घरी जा," मी दारातून म्हटलं. "आमची मुलगी आजारी आहे. तुम्हाला पण होईल."

वैनींची धाकटी जागची हलली नाही. "आमी जेवून आलो न्हाई. आज्जीनं सांगितलंय उपाशी या."

तेवढ्यात माझ्या साडीला काहीतरी लागलं. नात उठून आली होती. सकाळपासून ती पहिल्यांदा स्वतःच्या पायानं चालली होती, तेही टाचांवर, कारण चवडे दुखत होते. तिनं जाळीला कपाळ टेकलं आणि बाहेरच्या पोरींकडं बघत राहिली.

दोन वाजायला पावणेदोन तास होते. पोरींना हाकललं तर ही परत खाटेवर जाऊन पडणार. आत घेतलं तर पाच घरांत साथ. मी काय केलं ते सांगते, बरोबर होतं असं म्हणत नाही. पोरींना आत घेतलं नाही. अंगणाच्या पार टोकाला, नळापाशी, पोतं अंथरून ओळीनं बसवलं. तिथून दारापर्यंत चार-पाच पावलं अंतर होतं. दाराला बाहेरून कडी घातली. वाट्या मी साबणानं धुऊन घेतल्या, हात धुतले, आणि आत्यांच्या पातेल्यातलं निम्मं बाहेर घेऊन मी वाढलं.

"त्यांच्या पाया पडायला लागतंय," आत्या आतून म्हणाल्या.

"लांबूनच पडा."

पोरी जेवायला लागल्या. जेवल्या म्हणजे कसल्या, प्यायल्याच, पातळ होतं ते. वैनींची धाकटी वाटी तोंडाला लावून आवाज करत होती. सगळ्यांत लहान होती तिच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं. नात आतून बघत होती. मग ती म्हणाली, "मला."

तीन दिवसांत तिनं काहीही मागितलं नव्हतं.

आत्यांनी वाटी आणली. मी पुढं झाले नाही, मुद्दाम भांड्यांपाशी थांबले. नात जाळीच्या आत जमिनीवर बसली, बाहेरच्यांसारखी मांडी घालून, आणि तिनं दोन्ही हातांनी वाटी उचलली. पहिल्या घोटाला तिचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, आता उडवते. बाहेरची धाकटी ओरडली, "ए, बघ माझं सपलं," आणि वाटी उलटी करून दाखवली. नातीनं दुसरा घोट घेतला. तिसरा. मग थांबून थांबून सगळी वाटी. आत्यांनी न विचारता दुसरी भरली. तीही निम्मी गेली.

पोरींचे हात मी नळावर साबणानं धुतले, दोन-दोनदा, आणि त्यांना घरी पिटाळलं. त्या बिचाऱ्या दक्षिणेचे पाच-पाच रुपये मागत होत्या, ते आत्या विसरल्या होत्या.

मग काही नाही. आत्यांच्या मांडीवर मुलगी झोपून गेली. मी पिशवी दारात ठेवून समोर खुर्चीवर बसले. एक वाजला. सव्वा. दीड. पाच मिनिटांनी मी लंगोटाला हात लावायची आणि आत्या माझा हात झटकायच्या. "कोंबडीच्या बुडाखाली बघावं तसं काय बघतीस सारकं?"

दोनला वीस मिनिटं कमी असताना आत्यांनी माझा हात धरला. मग हळूच म्हणाल्या, "लुगडं गरम झालं गं."

मी वाकून बघितलं. लंगोट, लुगडं, खालची गोधडी, सगळं भिजलं होतं. मी पिशवीतला टॉवेल काढला. आत्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, उठवू नको," आणि तशाच ओल्यात तासभर बसून राहिल्या.

मी डॉक्टरांना फोन केला. "छान," त्या म्हणाल्या. "काय दिलं?"

"गार दूधभात. बिनमिठाचा."

"मी तेच सांगितलं होतं आजी."

"हो," मी म्हटलं. पोरींचं सांगितलं नाही.

लेक संध्याकाळी पोचली, रात्र काढून शुक्रवारी परत गेली. पाळणाघर आता डॉक्टरांचं पत्र मागत होतं, म्हणून मुलगी आणखी आठवडाभर माझ्याकडंच राहिली.

गुरुवारी संध्याकाळीच मी पाचही घरं फिरून आले. सांगणं भाग होतं. एका घरी म्हणाल्या, देवीचा परसाद खाऊन कुठं आजार होतोय. एका घरी दार लावून घेतलं, आणि ते मला योग्य वाटलं. तिसऱ्या घरची आई म्हणाली, "आमच्या पोरीला गेल्या आठवड्यातच झालतं की. अंगणवाडीतनं आलं. कुनाला सांगितलं न्हाई, बाई आली म्हंटलं की लोक लांब पळत्यात." म्हणजे साथ पुण्यातून गाडीतून आली होतीच, पण त्याआधी ती आमच्या गल्लीतही आली होती. लेकीनं पळवून आणलं ते एका साथीतून दुसऱ्या साथीत. चौथ्या आणि पाचव्या घरी काय बोलायचं, हे मला त्यानंतर नीट सुधरेना. मी लक्षणं सांगितली आणि निघाले.

मंगळवारी वैनींच्या धाकटीला ताप आला, बुधवारी हातावर ठिपके. पाचांतली तीच एक. ती दारापासून सगळ्यांत लांब, नळाला चिकटून बसली होती. माझ्या अंगणात तिला लागलं, की अंगणवाडीत, की त्या तिसऱ्या घरच्या पोरीकडून, हे मी बरेच दिवस जुळवत बसले. जुळलं नाही. आत्यांचं म्हणणं सोपं होतं. बाई एका घरातून निघाली की शेजारीच जाते.

वैनी भांडायला येतील असं वाटलं होतं. त्या आल्या त्या विचारायला. जाळीच्या बाहेरच उभ्या राहिल्या.

"अवो, घोटभर पानी घेईना झालीया. तुमच्या नातीला काय दिलंसा?"

मी सांगायला तोंड उघडलं. गार दूधभात, मीठ नको, अळणी तर अजिबात नको, सूवर लक्ष ठेवा. सगळं क्रमानं सांगितलं.

"ते सगळं करून बघितलं वो," वैनी म्हणाल्या. "तोंडच उघडत न्हाई."

मागं नात जमिनीवर बसून लिंबाच्या वाळक्या पानांची भाजी करत होती. तळहातांची साल निघत होती, पण ठिपके सुकले होते. तिला होऊन गेलंय, आता परत काय होणार, असं मी धरून चालले. बरोबर की चूक ते डॉक्टरांना विचारलं नाही, कारण त्या नको म्हणतील हे मला माहीत होतं.

"थांबा," मी म्हटलं.

वाटीत गार भात घेतला, दुसऱ्या हातानं नातीला उचललं आणि वैनींच्या मागून रस्ता ओलांडला. त्यांच्याही दाराला जाळी आहे. धाकटी आतून जाळीला नाक लावून उभी होती. मी नातीला बाहेरच्या पायरीवर बसवलं, वाटी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "तू खा. आवाज करून खा."